शून्य रेघांची भांडी

पंपाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं सुट्या भागांचं स्टोअर सांभाळलेला माणूस निवृत्त होऊन घरी बसला, यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं हे, की तो बसलाच नाही.

कारखान्यात त्यांना चिठ्ठीसाहेब म्हणत. फोरमनच्या सहीची चिठ्ठी आणल्याशिवाय स्टोअरच्या खिडकीतून साधा वायसरसुद्धा बाहेर पडायचा नाही. एकदा खुद्द मालक आले आणि म्हणाले, "जरा एक नट द्या हो." साहेब अदबीने उभे राहिले आणि त्यांनी कोरं चिठ्ठीपुस्तक पुढे केलं. मालकांनी मुकाट्याने चिठ्ठी लिहिली म्हणे. हा किस्सा ते राहतात त्या मजल्यावरच्या प्रत्येकाने किमान सहा वेळा ऐकला आहे, आणि दर वेळी तो नट थोडा मोठा होत गेला आहे.

पण गंमत बाजूला ठेवा, माणूस कामाचा. चार हजार खण, आणि प्रत्येकाला दोऱ्याने टांगलेलं एक कार्ड. वस्तू काढली की कार्डावर पेन्सिलची एक रेघ. दिवे गेले तरी साहेब अंधारात हात घालून नेमकं हवं ते बेअरिंग काढायचे. असा माणूस सकाळी उठतो आणि त्याला दिसतं की आज कुणालाच काही नको आहे. खिडकी नाही, रांग नाही, "साहेब, लवकर" म्हणून ओरडणारं कोणी नाही. मग हात शिवशिवायला लागतात.

पहिल्या महिन्यात त्यांनी गॅलरीतल्या झाडांची व्यवस्था हातात घेतली. झाडं बुडून मेली. दुसऱ्या महिन्यात न्हाणीघराचा नळ, जो तोवर फक्त ठिबकत होता, त्यांनी असा काही आवळला की तो हातात आला आणि खालच्या मजल्यावरचे लोक बादल्या घेऊन वर आले. तिसऱ्या महिन्यात पुस्तकं उंचीप्रमाणे लावली. चौथ्या महिन्यात कपड्यांच्या कपाटाला हात घातला आणि तिथून त्यांना अक्षरशः हाकलण्यात आलं. एकेका खोलीतून त्यांची बदली होत गेली. पाचव्या महिन्यात घरात एकच खातं शिल्लक राहिलं होतं, आणि तिथे काकू होत्या.

काकू म्हणजे त्यांची बायको. सगळा मजला त्यांना काकूच म्हणतो. उंचीने बेताच्या, जिभेने नव्हेत. पूर्वी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत लाईन तोडायची सवय अजून गेलेली नाही.

सुरुवात काकूंनीच करून दिली, हे लक्षात ठेवा. एके सकाळी म्हणाल्या, "अहो, येरझाऱ्या घालताच आहात तर कोपऱ्यातली मोठी चाळणी तेवढी काढा."

तो कोपरा बघण्यासारखा होता. ओटा काटकोनात वळतो तिथे खाली एक कपाट. दार वीतभर, आणि आतली पोकळी उजवीकडे भिंतीच्या पोटात शिरलेली. पुढचं दिसतं, मागचं फक्त आठवतं. साहेब आधी वाकले, मग बसले, मग सरळ पालथे पडले आणि खांद्यापर्यंत आत गेले. तेवढ्यात समोरच्या घरातल्या शिवणवाल्या वहिनी आल्या.

"काका घरात आहेत?"

"अर्धे आहेत," काकू म्हणाल्या. "बाकीचे आत शोधायला गेलेत."

दहा मिनिटांनी साहेब बाहेर आले. भुवईला जाळं, हातात कुठल्याच भांड्याला न बसणारी तीन झाकणं, एक बुडाला भोक पडलेला थर्मास आणि दुधाची बाटली घासायचा ब्रश. ज्या बाळाच्या बाटलीसाठी तो आणला होता, ती मुलगी आता एकतीस वर्षांची आहे. चाळणी मिळाली नव्हती.

साहेब तिथेच फरशीवर फतकल मारून बसले. पण त्यांच्या डोळ्यांत पाच महिन्यांत न दिसलेली चमक आली होती.

"हे काय स्टोअर आहे?" ते म्हणाले. "इथे माल ठेवत नाहीत, पुरतात."

"हे स्टोअर नाहीच. हे माझं स्वयंपाकघर आहे."

"माळा बघ. फ्रीजच्या डोक्यावरचं कपाट बघ. फ्रीज आणि भिंतीमधली ही नऊ इंचाची फट बघ, वाया चाललीय! अगं, तुझी निम्मी जागा हाताबाहेर आहे."

काकूंनी कधी नव्हे ते त्यांचं बोलणं पुरं होऊ दिलं. मग म्हणाल्या, "मग?"

"मला महिनाभर दे. इथली प्रत्येक वस्तू तुला डोळे मिटून सापडेल, नाही तर नाव सांगणार नाही."

"नाव नका सांगू. दुसरं काही सांगा. नाही जमलं तर?"

"तर या उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार नाही."

"कधीच?"

साहेबांनी हिशेब मांडला. गॅलरी गेली होती, न्हाणीघर गेलं होतं, कपाटं गेली होती. इथूनही गेले की मग बाहेरच्या खोलीतली खुर्ची, आणि त्या खुर्चीत मरेपर्यंत बसणं. पण स्टोअरकीपरने एकदा शब्द खिडकीबाहेर दिला की तो परत घ्यायचा नसतो.

"कधीच," ते म्हणाले.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मुलगी येणार होती. ती पंच. काकूंनी लगेच फोन करून तिला सांगून टाकलं, म्हणजे माघारीची वाट बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वयंपाकघरात शिरल्या तर प्रत्येक कपाटाच्या मुठीला, प्रत्येक फळीच्या कडेला, पार माळ्यापर्यंत, दोऱ्याने बांधलेली, आतल्या वस्तूंची नावं लिहिलेली कार्डं लोंबत होती. दारात स्टुलावर साहेब, कानावर पेन्सिल.

"आधी पंधरा दिवस नुसतं बघायचं," त्यांनी जाहीर केलं. "काय हलतं आणि काय हलत नाही ते कळल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. तू आपलं नेहमीसारखं काम कर."

नेहमीसारखं! दारात एक माणूस मांजरासारखा नजर लावून बसला असताना नेहमीसारखं करा बघू कुणी.

"काय काढलंस?"

"चमचा."

"कुठल्या खणातून?"

"तुमच्या नाकासमोरच्या."

रेघ.

"आता?"

"तोच चमचा परत ठेवला. आता याची पण रेघ?"

"ठेवण्याची नसते. काढण्याचीच असते."

"बरं झालं सांगितलंत. नाही तर मी उगाच ठेवत बसले असते."

वहिनी काही ना काही निमित्त काढून दिवसातून दोनदा डोकावायच्या. "काकू, हजेरी चालू आहे वाटतं? उशीर झाला तर पगार कापतात का?" आणि जाता जाता प्रत्येक घरी थांबून ताजी बातमी देऊन जायच्या. आज मिठाला अकरा रेघा. आज काका स्वतःच पाणी प्यायले आणि स्वतःच्या पेल्याची रेघ ओढायला विसरले, मग खाडाखोड. मजल्यावर आठ दिवस दुसरा विषय नव्हता.

साहेबांचं मात्र जेवणाकडेही लक्ष नव्हतं. पान वाढलं की घास तोंडात आणि नजर कार्डांवर. पानात काय आहे विचाराल तर सांगता आलं नसतं. एखादं कार्ड तासभर हललं नाही की ते स्टुलावर चुळबुळायचे, उठायचे, बसायचे, पेन्सिलीला टोक काढायचे. पाचव्या दिवशी पेन्सिल संपली.

पंधरा दिवस झाल्यावर त्यांनी सगळी कार्डं बाहेरच्या खोलीत जमिनीवर मांडली. साहेबांचा कायदा साधा आणि कारखान्यात तेहतीस वर्षं घासून गुळगुळीत झालेला. जे सारखं हलतं ते कमरेपासून खांद्यापर्यंत. जे क्वचित हलतं ते वर, खाली किंवा आत. आणि जे हलतच नाही ते बाहेर. ते म्हणजे मेलेला माल. तो जिवंत मालाची जागा खातो.

मेलेल्या वस्तू निघाल्या एकेचाळीस. एकेचाळीस वस्तूंपुढे एकही रेघ नव्हती.

"बघितलंस?" साहेब लहान मुलासारखे खूश झाले होते. "निम्मं घर कशाने अडलं होतं बघितलंस?"

काकूंनी यादी हातात घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि परत दिली. "बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या. आणि भाजी चिरायला गेल्या.

मग सुतार आला. हा माणूस माप घेताना कमी आणि बोलताना जास्त वेळ लावणारा, पण हात सोन्याचा. कोपऱ्यातल्या कपाटात डोकं घालून तो म्हणाला, "साहेब, हा कोपरा म्हणजे लांबचा श्रीमंत मामा. आहे सगळ्यांना माहीत, पण भेटायला कोणी जात नाही."

"मी जाऊन आलोय," साहेब म्हणाले. "त्यालाच बाहेर बोलवायचंय."

सुताराने बोलावलं. दाराला जोडलेली दोन अर्धगोल ताटं बसवली. दार ओढलं की अख्खा कोपरा फिरत बाहेर यायचा. फ्रीजशेजारच्या फटीत चाकांवरची उभी अरुंद मांडणी, तेलाच्या आणि मसाल्यांच्या बाटल्यांसाठी. ओट्याखालच्या कपाटांच्या पायाशी जी आडवी फळी उगाच ठोकलेली असते, तिच्या मागची पोकळी उघडून तिथे उथळ खण, ताटं आणि पोळपाट सरकवायला. दारांच्या आतल्या बाजूला झाकणांसाठी पट्ट्या. तीन दिवस घरात भुसा उडत होता, काकू गॅलरीत बुडालेल्या झाडांशेजारी एका शेगडीवर स्वयंपाक करत होत्या, आणि साहेब सुताराच्या इतके जवळ उभे राहत होते की दोनदा त्यांचाच शर्ट फळीबरोबर ठोकला जाता जाता वाचला.

एकेचाळीस वस्तू दोन मोठ्या खोक्यांत भरल्या गेल्या. वहिनींच्या भाचीचं नवं घर लागत होतं. रविवारी संध्याकाळी वहिनी खोकी घेऊन जाणार होत्या.

इथपर्यंत सगळं सरळ चाललं होतं, आणि तिथूनच साहेबांना टोचायला लागलं. काकू भांडत नव्हत्या.

ज्या बाईने एका वाकड्या झाऱ्यावरून नणंदेशी दोन वर्षं अबोला धरला, तिची एकेचाळीस भांडी खोक्यात गेली आणि तिने हूं की चूं केलं नाही. साहेबांनी मुद्दाम तिच्यासमोर केकचा साचा खोक्यात टाकला. आवाज होईल असा टाकला. काकूंनी मान वर केली नाही.

"हा देऊन टाकायचा ना?"

"तुमच्या कार्डावर काय आहे?"

"शून्य."

"मग मला काय विचारता?"

जिंकत आलेल्या माणसाने खरं तर शीळ घालायची. साहेब दुपारभर बाहेरच्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत राहिले. खोक्याची झाकणं चिकटवली, पुन्हा उघडली, पुन्हा चिकटवली. मोजदाद बरोबर होती. एकही रेघ सुटली नव्हती. मग कुठे काय अडतंय?

रविवारी मुलगी आली. वडिलांची उंची, आईची जीभ. तिने नव्या स्वयंपाकघरात दारं उघडून बघितली, फिरता कोपरा चार वेळा फिरवला आणि म्हणाली, "बाबा, मानलं. पण परीक्षा म्हणजे परीक्षा. आई, इकडे ये."

पुसायच्या फडक्याने काकूंचे डोळे बांधले. साहेबांनी दहा वस्तूंची यादी मुलीच्या हातात दिली. दारात वहिनी, त्यांच्या मागे मजल्यावरच्या आणखी दोघीतिघी. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"मीठ." सापडलं. "चहाचा डबा." सापडला. "कात्री. मधलं पातेलं. त्याचं झाकण." काकू डोळे बांधलेल्या अवस्थेत नदीतल्या माशासारख्या फिरत होत्या. कोपरा ओढून चाळणी काढली, फटीतली मांडणी ओढून तेलाची बाटली काढली. दहापैकी दहा. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वहिनींनी टाळ्या वाजवल्या, आणि साहेबांनी, बऱ्याच महिन्यांनी, स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"बाबा जिंकले," मुलगी म्हणाली. "आता पंचाला मेहनताना. आई, केक कर ना. गेल्या वाढदिवसालाही तू विकतचाच आणलास."

"साचा खोक्यात आहे," काकू फडकं सोडत म्हणाल्या.

"कुठल्या खोक्यात?"

मुलीने बाहेर जाऊन एक खोकं आत ओढत आणलं आणि त्याची चिकटपट्टी टराटरा फाडली. साचा निघाला. त्याखाली जाड बुडाचं थोरलं पातेलं, ज्यात काकू फळांचा जॅम करायच्या. पातेल्यातच हाताने फिरवायचं किसणीचं यंत्र. बिडाचा जड तवा. मुलगी एकेक वस्तू जमिनीवर ठेवत गेली आणि तिचा आवाज चढत गेला.

"आई, हे देऊन टाकतेस? या तव्याशिवाय तुझं पान हलत नव्हतं! बाबा, हा मेलेला माल?"

"पंधरा दिवसांत एकदाही काढलेला नाही," साहेब म्हणाले. "कार्ड दाखवतो. ज्याला रेघ नाही ते—"

आणि तिथे ते थांबले.

त्यांना एकोणीस नंबरची रॅक आठवली. कारखान्यातली, पार मागच्या भिंतीची, सगळ्यात उंच. तिथे एका जातीची रबरी गॅस्केटं होती. दोन वर्षं एकही रेघ नाही, म्हणून साहेबांनी सगळा गठ्ठा भंगारात काढला आणि वरिष्ठांची शाबासकी मिळवली. पुढे एकदा चहा पिताना एक म्हातारा फिटर सहज बोलून गेला होता, "लागत होती की साहेब, दर आठवड्याला लागत होती. पण तुमची शिडी मोडलेली. वरचं काही मागितलं की दुसरी शिडी आणायला आम्हालाच वेगळी चिठ्ठी, चिठ्ठीला सही. आम्ही जुनी ट्यूब कापून भागवायचो." साहेब तेव्हा त्याच्यावरच चिडले होते.

ते वळले, पुठ्ठ्याच्या पेटीतून सगळी कार्डं काढली आणि फरशीवर पसरली. या वेळी वस्तूंप्रमाणे नाही. मापाची पट्टी घेतली आणि जुन्या खणांच्या उंचीप्रमाणे लावायला लागले. दोन फूट, तीन फूट, चार फूट. रेघाच रेघा, मुंग्यांच्या रांगेसारख्या. सव्वाचार फुटांच्या वर एकही रेघ नाही. हात आत लांबवावा लागेल अशा कुठल्याच खोल खणाला एकही रेघ नाही. आणि जड वस्तूंना, मग त्या अगदी समोर का असेनात, एकही नाही.

वहिनी कुजबुजल्या, "आता काय नवीन?"

"अगं," साहेब जमिनीवरूनच म्हणाले, "हात वर कर बघू."

"कशाला? मी काय चोर आहे?"

"उजवा हात. वर कर."

"मला कामं आहेत."

"आई," मुलगी म्हणाली, "कर ना हात वर."

काकूंनी हात उचलला. खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथे, दाराला कोणी आतून कडी घातल्यासारखा, अडकला. काकूंचं तोंड वाकडं झालं. मग त्यांनी तो हात डाव्या हाताने धरून खाली आणला आणि पदर सारखा करत असल्यासारखं केलं.

वहिनी, ज्यांना गप्प झालेलं कोणी पाहिलं नव्हतं, त्या दोघीतिघींना घेऊन हळूच निघून गेल्या.

"कधीपासून?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही रिटायर व्हायच्या आधी तीन महिने."

"आठ महिने? आणि बोलली नाहीस?"

"एका वेळी घरात एकच संकट पुरे म्हटलं."

मुलगी चिडली. "आई, ही चेष्टा आहे का? मी उद्याच्या उद्या स्वयंपाकाला बाई बघते. तू आता—"

"हेच!" काकूंनी लाईन तोडली. "हेच नको होतं मला. सांगितलं असतं तर तू बाई आणणार, हे दुसऱ्या दिवशी इथे ॲप्रन बांधून उभे राहणार. आणि मी कुठे जायचं? बाहेरच्या खोलीत? यांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची टाकून? दोघांनी मिळून खिडकीतून रस्ता बघायचा?"

साहेबांनी मान वर केली नाही. त्या खुर्चीबद्दल त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. आठ महिने पानात विकतचा पाव आला, एका लहान पातेल्यात मावेल तेवढंच शिजलं, जॅमची बरणी रिकामी होऊन गेली. चार हजार खणांत एक स्क्रू कमी पडला तर ज्याला झोप लागायची नाही, त्या माणसाने समोर बसून, हातात पेन्सिल घेऊन, पंधरा दिवस हे बघितलं होतं आणि प्रत्येक न काढलेल्या वस्तूपुढे शून्य मांडून तिला मेलेली ठरवलं होतं.

ते उठले. कार्डं गोळा केली. उंबरा ओलांडून बाहेर जाऊन उभे राहिले.

"हे काय?" मुलगी म्हणाली.

"मी हरलो."

"बाबा, दहापैकी दहा!"

"त्या दहा वस्तू मी निवडल्या होत्या."

कुणाला वाटेल आता मोठा हृद्य प्रसंग झाला असेल. छे. काकूंनी डोळे पुसले की नाही ते सांगता येणार नाही, पण नाक मात्र जोरात शिंकरलं आणि खोक्यातून निघालेलं थोरलं पातेलं डाव्या हाताने ओढायला सुरुवात केली. मुलीला जवळ येऊ दिलं नाही. पातेलं फरशीवर खरखरत होतं. उंबऱ्याबाहेर साहेबांचा जीव कासावीस. एक पाऊल आत पडायचं, मागे जायचं. हात पुढे व्हायचे, मागे जायचे.

"कमरेतून नको. गुडघ्यातून वाक."

काकू ओढत राहिल्या.

"आधी रिकामं कर, आत किसणी आहे. अगं, डावीकडे खिळा आहे. अगं, फरशी—"

"अहो!" काकू पातेलं सोडून सरळ उभ्या राहिल्या. "बाहेर उभं राहून सूचना देणारा माणूस आतल्यापेक्षा जास्त नडतो. या आत."

"शब्द दिलाय."

"मला दिलाय ना? मग मी बघते त्याचं. या. पण पेन्सिल बाहेर. आणि यापुढे मोजायचं नाही. विचारायचं."

साहेब आत आले. पेन्सिल खरंच बाहेरच्या टेबलावर ठेवून आले. आणि आल्यावर त्यांना कळेना की हातांचं काय करायचं. शेवटी त्यांनी विचारलं, जरा अवघडतच, चुकीच्या नंबरवर फोन लागल्यासारखं:

"काय काय हवं होतं, आणि काढलं नाहीस?"

काकू स्टुलावर बसल्या आणि सांगायला लागल्या. आधी तवा. मग पातेलं. मग माळ्यावरच्या काचेच्या बरण्या. मग वरच्या फळीवरचा तो निळा वाडगा, त्यात पीठ भिजवलं की हाताला बरं वाटतं. एक सांगितलं की दुसरं आठवायचं. मुलीने मधेच चहा केला, तो निवून गेला. वहिनी खोकी न्यायला आल्या तेव्हा दोन्ही खोकी रिकामी होती, आणि स्वयंपाकघराची पुन्हा अशी दशा झाली होती, की तीन दिवस खपलेला सुतार बघता तर तिथेच बसकण मारता. साहेब गुडघ्यांवर रांगत होते, भोवती भांडी, आणि काकू हुकूम सोडत होत्या: इथे नको, खाली. अजून पुढे. मला बसून हात पुरला पाहिजे.

वहिनी भाचीला काय सांगायचं या विचाराने जरा खट्टू झाल्या. थर्मास मात्र घेऊन गेल्या. भोक असलेला.

सोमवारी दोघं डॉक्टरकडे गेली. खांदा आखडलाय, म्हणाले. महिने लागतील, गोळ्यांपेक्षा व्यायाम. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं कोळ्यासारखी भिंतीवरून वर चालवत न्यायची, जमेल तिथपर्यंत. रोज दोनदा.

व्यायामाची भिंत काकूंनी स्वयंपाकघरातलीच निवडली. सुतार पुन्हा आला, कपाळाला हात लावला, आणि त्या भिंतीशेजारची वरची कपाटं काढून खुंट्यांवरची फळी बसवून गेला. खुंट्या वर सरकवल्या की फळी वर. तिच्यावर काय ठेवायचं ते काकू ठरवतात. सध्या फळी सव्वाचार फुटांच्या जरा वर आहे आणि तिच्यावर निळा वाडगा आहे.

रोज सकाळी काकू भिंतीपाशी उभ्या राहतात. बोटं निघतात, एक, एक, एक. साहेब मागे उभे. त्यांना स्टुलावर बसायला सांगितलंय, पण ते बसत नाहीत; या पायावरून त्या पायावर होत राहतात. बोटं थांबली की काकू डाव्या हाताने तिथे रेघ ओढतात. पेन्सिल त्यांच्याकडेच असते.

गेल्या गुरुवारी रेघ बुधवारच्या दोन बोटं खाली पडली. साहेब लगेच पट्टी घेऊन पुढे. "खाली आली! कशी खाली आली? रात्री कुशीवर झोपलीस का? काल ते पातेलं उचललंस ना? मी म्हटलं होतं. डॉक्टरांना फोन लावतो."

"मागे व्हा," काकू भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या. "श्वास घेऊ द्या मला. परत चढते."

साहेब एक पाऊल मागे झाले. मग अर्धं पाऊल पुढे.